बेड नंबर पाच

सुट्टी लागली त्याच दिवशी आमच्या मास्तरणीनं मागच्या दारावर, आतल्या बाजूनं, खडूनं वेळापत्रक लिहिलं. मास्तरीण म्हणजे माझी लेक. वय वर्षं सात, पण रुबाब असा की शाळेच्या हेडबाईनं उठून जागा द्यावी. सकाळी टबात डुंबणे. मग रंगकाम. मग दवाखाना. मग जेवण. मग पलंगाखाली गोष्ट, कारण भर दुपारी आमच्या घरात थंड जागा तेवढी एकच. अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आईला त्रास न देणे.' ते वेळापत्रक अजून तिथंच आहे. दाराशी झाडू ठेवायला वाकले की ती शेवटची ओळ बरोबर डोळ्यांसमोर येते. पुसायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.

माझं काम घड्याळ दुरुस्तीचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. घड्याळं तर येतातच, शिवाय रिमोट, वजनकाटे, गाडीच्या चाव्या. ज्या वस्तूत बटणासारखा चपटा सेल बसतो ती प्रत्येक वस्तू फिरून फिरून माझ्याच टेबलावर येते. भिंतीवर दुरुस्तीची घड्याळं टांगलेली, प्रत्येकाचा काटा भलतीकडे. दारावरचं गोल घड्याळ तेवढं खरं, बाकीची आजारी आहेत, असं मी पोरांना सांगून ठेवलंय. आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या पोटात लोंबकळत असतात, तिथं ना उजेड ना फोनला रेंज.

आणि मी तापट आहे. हे मी स्वतःहून कबूल करते, पण दुसरं कुणी "हो ना" म्हणालं की लगेच तापते. त्याच आठवड्यात आमचा टिल्लू, म्हणजे धाकटा, चार वर्षांचा, टबातून उठून ओल्या अंगानं टेबलाजवळून पळाला आणि त्याचा धक्का ट्रेला लागला. खसखशीएवढा एक स्क्रू उडाला तो उडालाच. मी घर डोक्यावर घेतलं. "पुन्हा माझ्या वस्तूंशी खेळताना दिसलात ना, तर बघा!" काय बघा, ते मलाही माहीत नव्हतं. पण त्या दिवसापासून माझी खुर्ची नुसती सरकली तरी दोघं चिडीचूप. मी ह्यांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

"बघितलंत? धाक लागतो पोरांना. तुम्हाला जमलं नसतं."

हे म्हणाले, "अगं, मलाच अजून तुझ्यापुढे बोलायला जमत नाही." आणि आम्ही दोघंही हसलो.

आता सवयीचं सांगते, कारण सगळं तिथूनच झालं. सेल जिवंत आहे की मेलेला, हे बघायला मीटर असतो. माझ्याकडेही आहे, खणात पडलेला. पण तो काढा, वायरी सोडवा, एवढा कुटाणा कोण करतं? मी सेल उचलते आणि जिभेच्या टोकाला लावते. जिवंत असला तर बारीकसं झणझणतं. मेलेला असला तर नुसतं लोखंड चाटल्यासारखं लागतं. माझे वडील असंच करायचे. त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून मी काम शिकले आणि कामाबरोबर जीभही शिकली. दिवसातून दहा-वीस वेळा तरी माझी जीभ बाहेर येत असेल. समोर बसून दोन पोरं ते बघतायत, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नाही.

दवाखाना ही मास्तरणीची कल्पना. मागच्या व्हरांड्यात सावलीला जुन्या चादरीवर तिनं बुटांच्या खोक्यांची झाकणं ओळीनं मांडली होती, प्रत्येक झाकणात रुमालाची गादी, बाहेर खडूनं बेडचा नंबर. पेशंट म्हणजे माझी भंगारातली घड्याळं. मोठी डॉक्टर ती, छोटा डॉक्टर टिल्लू. ह्यांनी दिलेल्या जुन्या डायरीचं तिनं रजिस्टर केलं होतं. कुठला पेशंट, कितव्या बेडवर, किती वाजता, काय झालं, सगळं लिहायचं. वेळ बघायला ती दर वेळी उठून दारावरच्या गोल घड्याळापर्यंत यायची. आजारी घड्याळाची वेळ तिला चालायची नाही. आहेच तशी ती, माझ्यावर गेलेली.

त्या दिवशी सकाळी आम्ही बर्फाचा खेळ केला होता. मी आदल्या रात्री मोठ्या वाडग्यात पाणी घालून त्यात प्लॅस्टिकचे हत्ती-घोडे टाकून गोठवले होते, आणि पोरांनी लाकडी चमच्यानं बर्फ फोडून त्यांची सुटका केली. व्हरांडाभर पाणी. टिल्लू हत्ती गालाला लावून "गार गार गार" करत नाचत होता. मी दारात उभी राहून हसत होते. ते आठवलं की वाटतं, काय हसत होतीस गं मूर्ख बाई.

मग मी कामाला बसले. बारा वाजता एक गिऱ्हाईक घड्याळ न्यायला येणार होतं आणि ते घड्याळ काही केल्या चालेना. मास्तरीण येऊन खुर्चीमागे उभी राहिली.

"आई, सगळे पेशंट बरे झाले. नवे दे."

"थांब."

"आई, नवे पेशंट."

"थांब म्हटलं ना!"

"दवाखाना रिकामा आहे, आई."

मी मान वर न करता खण ओढला, मेलेल्या सेलांचा डबा उघडला आणि हाताला आले तेवढे तिच्या ओंजळीत ओतले. "घे. आणि आता जेवणापर्यंत मला तोंड दाखवू नका." सात होते, ते मला नंतर कळलं. वजनकाट्याचे, रिमोटचे, चांगले मोठे, चपटे, गुळगुळीत. मेलेले तर आहेत, मेलेल्या सेलाची कसली भीती, असा माझा विचार. विचार कसला, मी विचारच केला नव्हता. मला फक्त शांतता हवी होती.

आणि ती मिळाली. इतकी मिळाली की थोड्या वेळानं मलाच संशय आला. मी खुर्ची मागे सरकवली, पाय आपटतच मागच्या दारापर्यंत गेले आणि ओरडले, "काय चाललंय रे तिकडे?"

दोघं मांडी घालून बसलेली. हात गुडघ्यांवर. टिल्लूचे ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे हे एवढे मोठे.

"काही नाही, आई," मास्तरीण म्हणाली.

"टिल्ल्या, दंगा केलास?"

त्यानं नुसती मान हलवली. नाही.

"शहाणी माझी बाळं," असं म्हणून मी वळले. जाता जाता वाटलं, आज पोरांना कलिंगड कापून द्यावं. माझा धाक बघून मीच मनातल्या मनात खूश झाले होते.

सव्वाबाराला मी कलिंगडाच्या फोडी केल्या. टिल्लूला कलिंगड म्हणजे जीव की प्राण. फोड समोर आली की तो बिया काढायचीही वाट बघत नाही. त्या दिवशी त्यानं फोड हातात घेतली आणि नुसता बघत बसला.

"खा की रे."

त्यानं एक घास घेतला. चावला. मग मान पुढे काढली, डोळे मिटले, आणि लाल पाणी तसंच हनुवटीवरून खाली आलं. सदऱ्यावर, मांडीवर. तो खोकला.

"नाटकं नकोत हं," मी म्हटलं. खरंच म्हटलं मी असं. "सकाळी बर्फ चोखलास ना? तरी मी सांगत होते, घसा धरेल."

त्यानं छातीवर हात ठेवला. घशावर नाही, छातीवर, मधोमध. आणि पुन्हा लाळ गळली. चार वर्षांचं पोर, तोंड पुसायला शिकलेलं, आणि लाळ गळतेय. मी मास्तरणीकडे पाहिलं. तिनंही फोडीला हात लावला नव्हता. रजिस्टर मांडीखाली दाबून ती ताटाकडे बघत होती.

मी उठले आणि व्हरांड्यात गेले. का गेले, सांगता येणार नाही. चादरीवर झाकणं ओळीनं मांडलेली. एक ते सात. प्रत्येक रुमालावर एक सेल चकाकत होता. एक, दोन, तीन, चार. सहा, सात. पाच नंबरच्या बेडवर नुसता रुमाल होता, आणि त्याच्या मधोमध एक गोल खळगा.

मी चादर झटकली. झाकणं उलटी केली. कुंड्यांमागे बघितलं, बर्फाच्या पाण्यात हात फिरवला, हत्तीच्या पोटाखालीसुद्धा पाहिलं. माझ्या तोंडून "असेल, असेल इथंच असेल" असं चाललं होतं आणि आतून मला माहीत होतं की तो इथं नाही.

"पाच नंबर कुठंय?" मी आत येऊन विचारलं.

मास्तरीण खाली बघत म्हणाली, "घरी सोडला."

"कुणी सोडला? कुठल्या घरी?"

ती बोलेना.

"अगं बोल!" माझा आवाज चढला, आणि तिचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. मी तिच्या दंडाला धरलं होतं ते सोडलं, टिल्लूसमोर गुडघ्यावर बसले. "बाळा, सेल खाल्लास तू? चपटा, गोल? सांग राजा, आई रागावणार नाही." त्यानं माझ्याकडे बघितलं. ओठ दाबून धरले. आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची तार खाली आली.

मी मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडे एक शांत आवाजाची बाई होती. तिनं वय विचारलं, सेल केवढा होता ते विचारलं. मी म्हटलं, "मेलेला होता हो, मेलेल्यांच्या डब्यातला. त्यात काही जीव नसणार."

"ताई, आपल्याला मेलेला वाटतो तोही आत जाऊन जाळतो," ती म्हणाली. "अडकला असेल तर दोन तासांत अन्ननलिकेला भोक पाडू शकतो. ताबडतोब निघा. घरात मध आहे? वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे द्या. बाकी काही नको, पाणी नको, उलटी करायला लावू नका. आणि किती वाजता गिळला, ते बघून ठेवा. ते फार महत्त्वाचं आहे."

वीस वर्षं मी सेल हाताळतेय. जिवंत आणि मेलेला हे दोनच प्रकार मला माहीत. मेलेला जाळतो, हे मला त्या बाईनं फोनवर सांगितलं.

शेजारचे टॅक्सीवाले काका जेवायला घरी आले होते. मी दार वाजवलं नाही, सरळ आत घुसले. काका तसेच खरकट्या हातानं उठले, हात धुतला न धुतला, आणि किल्ली शोधायला लागले. काकू म्हणाल्या, "पाठीत दोन धपाटे घाल, बाहेर पडेल." मी त्यांच्यावर अशी ओरडले की त्या भिंतीला टेकल्या. नंतर माफी मागितली, पण नंतर.

गाडीत टिल्लू माझ्या मांडीवर, मधाची बाटली मांड्यांत, चमचा हातात. मास्तरीण शेजारी, रजिस्टर छातीशी धरून. ऊन असं की काचेला हात लावता येईना. पहिल्याच चौकात रस्ता खणलेला. एक माणूस लाल फडकं दाखवून समोरची रांग सोडत होता, आमची थांबवून. काकांनी काच खाली करून मुंडकं बाहेर काढलं. "अरे बाबा, पोर आहे गाडीत! जाऊ दे!" त्या माणसानं टिल्लूकडे एकदा पाहिलं आणि समोरचा ट्रक हातानं थोपवून धरला. देव त्याचं भलं करो.

किती वाजले? मी मनगट बघितलं. रिकामं. गावभरची घड्याळं दुरुस्त करणारी बाई आणि हातात एक घड्याळ नाही. काकांच्या गाडीतलं बंद पडलेलं. गेले सहा महिने ते म्हणत होते, वहिनी, बघा की जरा, आणि मी म्हणत होते, बघू बघू.

"काका, वाजले किती?"

"एकला वीस कमी," काका फोन बघून म्हणाले.

मग मी मास्तरणीकडे वळले. पुन्हा ओरडणं ओठांवर आलं होतं. मी जीभ दाताखाली दाबली. तिच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा दिसलं, पोर माझ्याकडे बघत होती आणि मला घाबरत होती. भावाच्या पोटात सेल, आणि ही घाबरतेय कुणाला, तर मला.

"मास्तरीणबाई," मी म्हटलं. "तुमच्या रजिस्टरात बघून सांगा. पाच नंबरचा पेशंट किती वाजता तपासला?"

तिनं खूप वेळ माझा चेहरा पाहिला. मग डायरी उघडली आणि माझ्यापुढे धरली. वाकडंतिकडं, पण स्पष्ट अक्षर. बेड १, मेला. बेड २, मेला. बेड ३, मेला. बेड ४, मेला. बेड ५, अकरा वाजून चोवीस मिनिटे, डॉक्टर टिल्लू, जिवंत. घरी सोडला.

जिवंत. माझ्याच हातानं, न बघता, मेलेल्यांत एक जिवंत टाकला होता मी कधीतरी.

अकरा चोवीस. म्हणजे दोन तास पुरे व्हायला पाऊण तासही उरला नव्हता. मी टिल्लूला मध चाटवला. निम्मा गळला, निम्मा गेला. तो आता रडतही नव्हता, नुसता कण्हत होता, आणि त्याचं डोकं माझ्या दंडावर जड होत चाललं होतं. "झोपू नकोस हं सोन्या, आपण हत्तीची गोष्ट करू या," मी म्हणत होते, आणि हत्तीपुढे मला एक शब्द आठवत नव्हता. मास्तरणीनं गोष्ट पुढे नेली. हत्ती बर्फात अडकतो, मग छोटा डॉक्टर चमचा घेऊन येतो. ती सांगत राहिली, थेट हॉस्पिटलच्या दारापर्यंत.

तिथं सगळं धावत झालं. एक्स-रेच्या खोलीत मला शिशाचा जड एप्रन घालून त्याचे हात धरायला लावले. मग पडद्यावर त्याच्या बरगड्या दिसल्या, बारीक, नाजूक, आणि मधोमध पांढरा गोल. कडेला दुहेरी रेघ. डॉक्टरीण तरुण होती. ती म्हणाली, "नाणं असतं तर एकच कड दिसली असती. हा सेलच." मला सांगायची गरज नव्हती. आयुष्यात हजारो सेल मी चिमट्यात धरलेत, ती कड मी झोपेतही ओळखीन.

"कधी गिळला?"

"अकरा चोवीसला."

तिनं चमकून वर बघितलं. "इतकं नेमकं? नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. "माझ्या लेकीनं लिहून ठेवलंय."

"छान. लगेच घेतो आत, भूल देऊन काढावा लागेल. आई, तुम्ही आता बाहेर थांबा." त्यांनी माझ्या हातातून त्याला घेतलं. त्याची मूठ माझ्या ओढणीत होती, ती एकेक बोट करून सोडवावी लागली. दार मिटलं.

मग ती वाट बघणं. ते मी सांगणार नाही, सांगता येत नाही. बाकावर बसले की उठावंसं वाटे, उठले की बसावंसं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, माझ्या नजरेला पहिल्याच क्षणी कळलं की ते तीन मिनिटं मागे आहे. एक वाजून दहा, म्हणजे एक तेरा. एक पंधरा, म्हणजे एक अठरा. मी त्याच्याकडे पाठ केली. मला वाटत होतं, त्या दारातून कुणीतरी तोंड पाडून बाहेर येईल. देवा, ही माझी सगळी घड्याळं घे, ही जीभ झडू दे, पण त्याला परत दे, असलं काहीतरी मी बडबडत होते. कुणी ऐकलं असेल तर ऐको.

हे आले तेव्हा हाताला ग्रीस, केसांत धूळ. काकांनी त्यांना कुठून कसं गाठलं, देव जाणे. ह्यांनी मास्तरणीला उचलून मांडीवर घेतलं आणि माझ्या शेजारी बसले. ती त्यांच्या शर्टात तोंड खुपसून इतका वेळ दाबलेलं रडली. मग हुंदक्याहुंदक्यानं त्यांच्या कानात सांगायला लागली. ती हळूच बोलत होती, मला ऐकू जाऊ नये म्हणून. पण माझे कान बारीक आहेत. बंद पडायला आलेल्या घड्याळाची टिकटिक मी ऐकते, पोरीचा आवाज नाही ऐकू येणार?

"बाबा, त्यानं जिभेवर ठेवला आणि म्हणाला, ताई, झणझणतंय. तो आईला सांगायलाच उठला होता. मग खुर्चीचा आवाज आला. मीच म्हटलं, तोंड मीट, तोंड मीट, आई येतेय. त्यानं मिटलं. मग आई गेल्यावर मी म्हटलं, आता उघड. तर तो आतच गेला होता." तिनं नाक ओढलं. "आईनं म्हटलं, शहाणी बाळं. म्हणून मग मी सांगितलं नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला आमचं मागचं दार दिसत होतं, मांडी घातलेली दोन पोरं, गुडघ्यांवर हात. मिटलेले ओठ. मोठे डोळे. माझं पोर माझ्यासमोर, माझ्या भीतीनं, सेल गिळत होतं, आणि मी कमरेवर हात ठेवून खूश होत होते.

मी खाली फरशीवर बसले, मास्तरणीच्या पायांशी. तिचे पाय धरले. "तुझी चूक नाही," मी म्हटलं. "ऐकतेस का? तू वेळ लिहिलीस. तुझ्यामुळे डॉक्टरांना वेळ कळली. चूक माझी आहे. माझी एकटीची." ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसलेला नव्हता, आणि का बसावा?

पावणेदोनला डॉक्टरीण बाहेर आली. मी उभी राहिले, ह्यांनी माझा दंड धरला. "निघाला," ती म्हणाली. "थोडं भाजलंय आतून, पण भोक पडलेलं नाही. काही दिवस इथं ठेवू, तोंडानं काही द्यायचं नाही, पुन्हा कॅमेरा घालून बघावं लागेल. धोका अगदी टळला असं आज म्हणणार नाही. पण वेळेत आलात." तिनं काचेची छोटी बाटली पुढे केली. आत सेल होता, एका बाजूनं काळाकुट्ट. ह्यांनी तो घेतला. मी हात पुढे केला नाही.

टिल्लूला शुद्ध यायला संध्याकाळ झाली. हाताला सुई, नाकाशी नळी, तोंड सुकलेलं. डॉक्टरिणीनं मास्तरणीचं रजिस्टर वाचलं होतं, तिनं वाकून म्हटलं, "छोटे डॉक्टर, आ करा बघू." त्यानं आ केला. तिनं बॅटरीनं बघितलं, "शाब्बास" म्हणाली आणि बाजूला झाली.

मग मी वाकले. मलाही बघायचं होतं, जीभ आहे, दात आहेत, सगळं जागच्या जागी आहे. "मला पण दाखव ना राजा, आ कर."

त्यानं मला पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

सकाळचाच चेहरा. तेच डोळे. मी एवढी कधीच घाबरले नव्हते, व्हरांड्यात नाही, गाडीत नाही, त्या दाराबाहेरही नाही. दुपारी मी त्याला गमवायला घाबरत होते. आता तो समोर होता, जिवंत, आणि मला बघून तोंड मिटत होता.

"नको दाखवूस," मी म्हटलं. "तुला वाटेल तेव्हा." आणि पलंगाच्या कडेला, त्याच्या पायांपाशी, बसून राहिले. खुर्ची होती, पण ती ओढली असती तर आवाज झाला असता. हे मास्तरणीला घेऊन घरी गेले. खिडकीबाहेरचं ऊन उतरलं. मी एक शब्द बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला ते किती जड जातं, हे ज्यांनी मला ऐकलंय त्यांना माहीत आहे.

बऱ्याच वेळानं चादर हलली. त्याचा पाय माझ्या मांडीला लागला, आधी चुकून, मग मुद्दाम. मी मान वर केली नाही.

"आई," तो म्हणाला. आवाज पार बसलेला, सुकल्या पानासारखा.

"काय रे?"

त्यानं माझा चेहरा नीट बघून घेतला.

"तो जिवंत होता," तो म्हणाला. "झणझणलं."

सकाळी अकरा चोवीसला त्याला मला हेच सांगायचं होतं. मी त्याचा पाय दोन्ही हातांत धरला.

"हो रे बाळा," मी म्हटलं. "बरं केलंस सांगितलंस."